ज्ञानकोशाच्या दारातल्या बाई

"चुकलं" हा शब्द बाईंनी दुसऱ्या कुणासाठी वापरलेला मी कधी ऐकला नाही. इंटरनेटवरच्या आमच्या मराठी ज्ञानकोशात ही गोष्ट सोपी नाही, कारण तिथं निम्मं जग दुसऱ्याच्या चुका शोधत बसलेलं असतं. कुणीही यावं, लिहावं आणि कुणीही येऊन ते खोडावं, असा तिथला रिवाज. रोज चार-दोन नवी माणसं डोकावतात, भीत भीत एखादी ओळ लिहितात. कुणीतरी ती उडवतं आणि माणूस पुन्हा त्या वाटेला जात नाही. अशा माणसांना गाठायचं आणि बसवून घ्यायचं, हे काम बाईंनी आपणहून अंगावर घेतलं होतं. त्यांना कुणी नेमलं नव्हतं आणि पगार तर आमच्यात कुणालाच नाही.

तशी स्वागताची सोय ज्ञानकोशात आहे. नवं खातं उघडलं की आपोआप एक लांबलचक निरोप येऊन पडतो. त्यात नियमांची पानं, मदतीची पानं, मदतीच्या पानांची पानं. हा निरोप शेवटपर्यंत वाचलेला माणूस मला अजून भेटायचा आहे. बाईंचा त्याच्यावर राग होता. "मंगल कार्यालयाच्या दारावर सुस्वागतम् लिव्हल्यालं आस्तं," त्या म्हणायच्या, "ते वाचून कोनी जेवायला बसलंय का? हाताला धरून पंगतीत नेनारं कोनीतरी लागतंच की."

मला त्यांनी कसं नेलं ते सांगतो. संगमनेरला माझं औषधांचं दुकान आहे. गाव अकोले तालुक्यात, भंडारदऱ्याच्या अलीकडं. दुपारी गिऱ्हाईक नसतं. अशाच एका दुपारी मोबाईलवर ज्ञानकोशात माझं गाव शोधलं, तर ते नव्हतंच. म्हटलं, आपणच लिहू. लिहिलं, "आमचे गाव निसर्गरम्य असून येथील लोक अतिशय प्रेमळ व कष्टाळू आहेत." चहा पिऊन येईपर्यंत माझ्या वाक्याच्या डोक्यावर एक लाल पट्टी बसली होती. हा मजकूर ज्ञानकोशाला धरून नाही, सबब काढून टाकण्यात येईल, असं तिच्यावर होतं. माझं डोकंच फिरलं. गावाची स्तुती करायला आता परवानगी काढायची का? सगळं बंद करणार, तेवढ्यात माझ्या चर्चापानावर, म्हणजे प्रत्येक सदस्याला निरोपांसाठी जे पान मिळतं त्यावर, दुसरा निरोप आला. लिहिणाऱ्या सदस्याचं नाव होतं 'अंगणवाडी'.

"तुमच्या गावचे लोक प्रेमळ असणारच. पण ते शेतात पिकवतात काय?"

एवढंच. नियम नाही, पट्टी नाही. मी तावातावानं उत्तर दिलं, भात, नागली आणि खुरासणी. लगेच पुढचा प्रश्न आला. "खुरासणी आमच्या उसाच्या पट्ट्यात होत नाही. तिच्या तेलाचं काय करता?" ते सांगितलं. मग शाळा कधीची, पाणी कुठलं, आणि हे सगळं कुठं छापून आलंय का. आठवडा सरला तेव्हा माझ्या गावावर एक लहानसा, बरा लेख उभा होता, आणि मी तो लिहिलाय हे माझ्या ध्यानातही आलं नव्हतं. प्रेमळ आणि कष्टाळू हे वाक्य मग माझं मलाच नकोसं झालं आणि मीच ते काढलं. त्याबद्दल बाईंनी अवाक्षर काढलं नव्हतं.

पुढं एक दिवस रक्तदाबाच्या गोळ्या घ्यायला एक बाई दुकानात आल्या. सुती साडी, पायात साध्या चपला, हातात कापडी पिशवी. कित्येक महिने त्या माझ्याचकडून गोळ्या नेत होत्या. गोळ्या पिशवीत टाकत त्यांनी माझ्याकडं नीट पाहिलं आणि विचारलं, "तुमीच का ते, लोक लई प्रेमळ हायेत म्हननारे?" मी माझ्या सदस्यपानावर, म्हणजे स्वतःच्या ओळखीच्या पानावर, दुकानाचा उल्लेख केला होता, त्यावरून त्यांनी मला शोधून काढलं होतं. दुकानातला पोऱ्या आणि दोन गिऱ्हाइकं माझ्याकडं बघत राहिली. त्या दिवसापासून दुपारी दुकानातलं स्टूल बाईंचं झालं, आणि मी विलासशेठचा नुसता विलास झालो.

बाई मूळच्या देवळाली प्रवऱ्याच्या बाजूच्या. लिहिताना शुद्ध लिहायच्या, बोलताना मात्र माहेरची बोली सोडत नसत. त्या पट्ट्यातल्याच एका गावात सारी नोकरी त्यांनी अंगणवाडीत केली. यजमान साखर कारखान्यात होते. ते गेल्यावर आणि नोकरी संपल्यावर बाई संगमनेरच्या दोन खोल्यांत येऊन राहिल्या. मुलगी नाशिकला. तिनं दिलेल्या टॅबवर त्यांनी एकदा अंगणवाडी हा शब्द शोधला, तर दोनच ओळी निघाल्या. "एवढा जल्म घातला आन् दोन वळी?" असं म्हणून त्या ज्या आत शिरल्या, त्या तिथल्याच झाल्या.

नव्या माणसाला रमवायचं सगळं शास्त्र बाईंनी अंगणवाडीतूनच आणलं होतं. पहिल्या दिवशी दारात रडणाऱ्या पोराला गप्प कर म्हणायचं नाही, त्याच्या हातात काहीतरी काम द्यायचं. बेरीज येत नसली तरी खडू वाटता येतात. प्रश्नांचंही तेच. "नमस्कार केला की मानूस नमस्कार करून जातो," त्या म्हणत, "इचारलं की त्याला परत यावंच लागतं." ऊसतोडीच्या टोळ्यांबरोबर आलेली पोरं हंगामापुरती त्यांच्याकडं बसत आणि टोळी हलली की जात. ज्ञानकोशातही महिनाभर लिहून गायब होणारे पुष्कळ. मी एकदा म्हटलं, बाई, जे जाणारच आहेत त्यांच्यावर कशाला जीव टाकता? तर म्हणाल्या, "टोळीचं पोरगं जानारच हाय म्हनून त्याला खिचडीची वाटी द्यायची न्हाई का रे?" मी चहा मागवला.

एका कॉलेजात आम्ही नवोदितांसाठी कार्यशाळा घेतली होती. हार झाले, दीपप्रज्वलन झालं, प्राचार्य भरपूर बोलले. उरलेल्या वेळात पोरांनी खाती उघडली, एकेक ओळ लिहिली, वडा खाल्ला, प्रमाणपत्र घेतलं आणि फोटोला उभी राहिली. दुसऱ्या दिवशी त्यातलं एकही ज्ञानकोशात फिरकलं नाही. आयोजक फोटोवर खूश होते. बाई परतताना एसटीत शांतपणे म्हणाल्या, "खिचडी शेवटाला ठिवली की पोरगं खिचडीपुरतं येतं. आमी खिचडी मधी द्यायचो, आन् ग्वाष्ट आर्धी ठिवायचो. उद्या यायला कायतरी कारन पायजे का न्हाई?" पुढच्या वेळी त्यांनी प्रमाणपत्रं महिन्यानंतर द्यायला लावली. प्राचार्य नाराज झाले, पण तीन मुली टिकल्या.

जिल्ह्याचं नाव बदललं तेव्हा तर आमच्याकडं झुंबडच उडाली. अहमदनगर दिसेल तिथं अहिल्यानगर करायला माणसं धावली. जुन्या पुस्तकांची नावं बदलली, माणसांची आडनावं बदलली. दुसरी बाजू ते सगळं उलटं फिरवत होती. जुने सदस्य वैतागले, पानांना कुलपं लागली, इशारे सुटले. मीही सांगितलं, या सगळ्यांना काही दिवस बाहेर ठेवा. बाई उलट टॅब घेऊन दुकानात ठाण मांडून बसल्या. "एवढी मानसं दारात आलीत, विलास. कशापायी का आसंनात, आलीत." आणि एकेकाला विचारत सुटल्या, तुमचं गाव कोणतं, त्याच्यावर काय लिहिलंय ते बघितलंत का? बहुतेकांनी उत्तर दिलं नाही, दोघांनी वाईट उत्तरं दिली. पण पारनेरकडचा एक, ज्यानं आडनावं बदलायचा सपाटा लावला होता, तो आपल्या गावच्या पानावर जाऊन बसला आणि पुढं आमचा पहारेकरीच झाला. कुणी काही मोडतोड केली की हा हजर.

इतकं सगळं समजणाऱ्या बाईंच्या हातून एक गोष्ट झाली, आणि ती त्यांना फार लागली.

राहुरी तालुक्यातल्या एका बाजाराच्या गावचे सलीमभाई आमच्यात आले. त्यांचं मोटार वायंडिंगचं दुकान. विहिरीवरच्या जळालेल्या मोटारी भरून द्यायच्या, हा धंदा. त्यांनी आपल्या गावच्या आठवडे बाजारावर लेख सुरू केला. संध्याकाळी दुकान बंद केलं की एखाद-दुसरं वाक्य लिहायचं, असा त्यांचा शिरस्ता. "मिरचीवाले पहिल्या ओळीत बसतात, कारण मागे बसले तर सगळ्यांना ठसका लागतो." असली वाक्यं. बाई त्यांच्यावर निहायत खूश. आज सलीमभाईंनी काय लिहिलं, हे त्या मला दुसऱ्या दिवशी हमखास सांगायच्या.

त्या दिवाळीत मुलीचं यायचं ऐन वेळी रद्द झालं. फराळाचे डबे तसेच राहिले. बाईंना घर खायला उठलं आणि त्यांनी सगळा जीव त्या लेखात ओतला. जुनी गॅझेटियरं चाळली, वर्तमानपत्रांची कात्रणं मिळवली, बाजाराचा इतिहास, जनावरांचा बाजार, भुसार, सगळं संदर्भासह मांडलं. पान असं देखणं झालं की बघत राहावं. वर त्यांच्या चर्चापानावर लिहिलं, सलीमभाईंना दिवाळीची भेट. दोन दिवसांनी सलीमभाईंचा निरोप आला. "बाई, फारच छान झाले. आता काही राहिले नाही. आभारी आहे." बाईंनी तो मला कौतुकानं दाखवला. मलाही आनंद झाला. दोघांनी मिळून चकल्या खाल्ल्या.

सलीमभाई त्यानंतर आलेच नाहीत. आठवडा गेला, पंधरवडा गेला. मग एका दुपारी बाई येऊन स्टुलावर बसल्या. मी गोळ्यांची पाकिटं लावत होतो. त्या म्हणाल्या, "आयुष्यभर पोरांच्या चित्रात हात घातला न्हाई मी. पोरानं हत्तीला पाच पाय काढले तरी काढू दिले. आन् या मानसाचं चित्र मी पुरं करून टाकलं, विलास."

"तुम्ही चांगल्यासाठीच केलं, बाई."

"चांगल्यासाठी केलं म्हनून तर त्यांना मला बोलतापन येईना."

आता बाईंना एकच ध्यास लागला, सलीमभाई परत यायला हवेत. दुसरा कुणी असता तर हळहळून गप्प बसला असता. बाईंनी त्या रात्रीच आपण लिहिलेलं सगळं पानावरून काढून टाकलं आणि सलीमभाईंची तेवढी वाक्यं ठेवली. सकाळी बघतात तर सगळं पुन्हा जागेवर, आणि त्यांच्या चर्चापानावर इशारा, "कृपया चांगला मजकूर उडवू नये. आपण नवीन असाल तर धूळपाटीवर सराव करावा." देणारा कोण, तर तो पारनेरकर पहारेकरी. नाव न बघता दिला होता त्यानं. बाई डोळ्यांत पाणी येईपर्यंत हसल्या. "नीट लक्ष हाय हां त्याचं," असं कौतुकही केलं. मग हसू ओसरल्यावर म्हणाल्या, "हितं दिल्यालं परत घेता येत न्हाई बघ." खरंच येत नाही. एकदा ज्ञानकोशाला दिलं की ते आपलं राहत नाही, हा आमचा पहिला नियम आहे.

मग त्या सलीमभाईंना प्रश्न लिहीत राहिल्या. शेळ्यांचा बाजार किती वाजता उठतो? पावसाळ्यात बाजार कुठं भरतो? एकाही प्रश्नाला उत्तर आलं नाही. शेवटी एका बाजारच्या दिवशी त्या म्हणाल्या, दुकान पोऱ्यावर सोड आणि चल. आम्ही कोल्हारमार्गे एसटीनं गेलो. दुकान विचारत विचारत सापडलं. सलीमभाई पन्नाशी ओलांडलेले, नाकाच्या शेंड्यावर चष्मा, मांडीशी उघडी मोटार आणि बोटांत तांब्याची तार. बाई दारात उभ्या राहून म्हणाल्या, "मी अंगणवाडी." तो माणूस गडबडून उठला, फडक्यानं बाकडं पुसलं, समोर चहा सांगितला.

"रुसलाव का, भाऊ?" बाईंनी विचारलं.

"छे, रुसायचं काय त्यात? तुमी लई झ्याक लिव्हलं. घरी समद्यांना दाखवलं म्या." सलीमभाई तारेशी चाळा करत राहिले. "पोरगी म्हनली, अब्बा, यात तुमचं कोन्तं? मला दावताच येईना. हायेत माझ्या चार वळी, पर तुमच्यात मिसळून गेल्या. म्हनलं, बरं झालं. आपन वाचनारं मानूस."

बाईंचा चेहरा उतरला. जो शब्द त्या कुणासाठी वापरत नव्हत्या, तो त्यांनी स्वतःसाठी वापरला. "माझं चुकलं, भाऊ," म्हणाल्या. सलीमभाई अगदी अवघडले. आसं नका म्हनू बाई, म्हणत त्यांनी आम्हाला सगळा बाजार फिरवून दाखवला, बाईंच्या पिशवीत बळंच मिरच्या घातल्या. त्यांनी एसटीत बसवून दिल्यावर बाईंनी खिडकीतून विचारलं, "याल ना परत लिवायला?"

"बघू," सलीमभाई म्हणाले. "मोटारींचा हंगाम हाय आता."

आमच्या भागात बघू म्हणजे नाही, हे बाईंना मी सांगायची गरज नव्हती. घर येईपर्यंत त्या खिडकीबाहेर बघत होत्या.

त्यानंतरच्या वर्षात बाईंचे डोळे गेले. साखर जुनी होती, डोळ्यांचा पडदा खराब झाला. इंजेक्शनं झाली, लेसर झालं, पण अक्षरं दिसेनात. दुपारी त्या काठी टेकत दुकानात येत, मी नव्या माणसांनी काय लिहिलंय ते वाचून दाखवी आणि त्या प्रश्न सांगत. सगळं झालं की शेवटी विचारायच्या, "बाजाराच्या पानावर काय?" मी म्हणायचो, काही नाही. "बरं," म्हणून त्या काठी उचलायच्या. ते बरं ऐकणं मला जड जायचं.

मुलगी त्यांना नाशिकला न्यायला आली तेव्हा मी म्हटलं, बाई, प्रश्न फोनवर सांगत जा, मी तुमच्या नावानं टाकीन. त्यांनी मान हलवली. "माझ्या नावानं नको. तुझ्या नावानं लिव्ह. मानूस माझ्यासाठी आला तर माझ्यासंगं जाईल, आन् मी तर निघालेच." गाडीत बसताना त्यांनी माझा हात चाचपून धरला आणि बराच वेळ सोडला नाही. संगमनेरचा पूल ओलांडून गाडी गेली आणि मी दुकानात येऊन त्या स्टुलाकडं बघत बसलो. दुपारी तिथं दुसऱ्या कुणाला बसू द्यायला मला बरेच दिवस जमलं नाही.

नाशिकहून त्यांचा फोन येत राहिला. तब्येतीचं दोन वाक्यांत उरकून त्या मूळ प्रश्नावर यायच्या. बाजाराच्या पानावर काय? काही नाही. बरं.

आणि एका उन्हाळ्यात, दुपारी, ते पान हललं. मी नाव पुन्हा पुन्हा पाहिलं. सलीमभाईच होते. बाईंनी जुन्या पुस्तकातून घेतलेलं एक वाक्य तिथं होतं, बाजार पिंपळाच्या विस्तीर्ण छायेत भरतो. त्याच्यापुढं सलीमभाईंनी लिहिलं होतं, "पिंपळ यंदाच्या वादळात पडला. शेळीवाले आता शाळेच्या भिंतीला बसतात. तिथे सावली नाही." मी तिथल्या तिथं नाशिकला फोन लावला आणि वाचून दाखवलं.

"परत वाच," बाई म्हणाल्या.

परत वाचलं.

"सावली न्हाई, आसं लिव्हलंय त्यांनी?"

"हो. पण बाई, याला संदर्भ नाही. कुणीतरी उडवील."

"तू बसलाय ना तिथं?"

मी म्हटलं, बसलोय. मग वही-पेन ओढून विचारलं, "सांगा, त्यांना काय विचारू?"

"काय इचारू नको. आपल्या पायानं आलेत ते. बसू दे त्यांना."

पावसाळा सरता सरता बाई गेल्या. ज्ञानकोशातल्या रिवाजाप्रमाणं त्यांच्या सदस्यपानावर काळी चौकट आली. त्यांनी बसवलेली कितीतरी माणसं तिथं येऊन लिहून गेली. पारनेरकरानं तर एवढं लिहिलं की मला वाचवेना. सलीमभाईंना मी त्यांच्या दुकानात जाऊन सांगितलं. त्यांनी हातातली तार खाली ठेवली, चष्मा काढला आणि बराच वेळ तो फडक्यानं पुसत राहिले. मग मला चहा पाजून एसटीपर्यंत पोचवायला आले.

बाजार झाला की रात्री त्या पानावर त्यांचं एखादं वाक्य येतं. कधी वाकडंतिकडं असतं, बहुतेक वेळा संदर्भ नसतो. मी संदर्भ शोधून मागनं लावतो, वाक्याला हात लावत नाही. आणि त्यांना अजूनपर्यंत मी काहीही विचारलेलं नाही.